एका बाजूनं फाटलेली चिंधी

त्या वर्षी वसंतात उशिरा कडक हिम पडलं आणि चेस्टनटचा सगळा मोहोर करपून गेला. मोहोर गेला म्हणजे फळं गेली. फळं गेली म्हणजे रानात डुकरांना खायला नाही, हरणांना नाही, आणि हरणं डोंगरापलीकडं निघून गेली म्हणजे पँथरलाही काही नाही. मग ते जनावर खाली आमच्या खोऱ्यात उतरलं. सरळ आहे सगळं. पण आमच्या घरात सरळ गोष्ट कुणाला पटेल तर शपथ.

आधी कुत्रं गेलं. मग डुकराचं एक पिल्लू गेलं, तेव्हा आम्हाला नुसतं रक्त दिसलं. त्यानंतरच्या खेपेला मी दारातच उभी होते. लख्ख दुपार होती. माझा नवरा एनॉक अंगणात कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. कोंडवाड्यातून असा काही चीत्कार आला की माझ्या पोटातलं मूल दचकून हललं. माझे दिवस भरत आले होते.

पँथर कोंडवाड्याच्या कुंपणावर बसलं होतं, तोंडात पिल्लू. त्याला कसलीही घाई नव्हती. एनॉकनं दारावरच्या खुंट्यांवरून बंदूक काढली, माझ्या कानाशी चौकटीला टेकवली आणि बार काढला. तेवढ्यावरून तो खारीचा डोळा फोडतो, हे मी नाही म्हणत, सगळं खोरं म्हणतं. पण पार हातभर डावीकडं कुंपणाची ढलपी उडाली. जनावर पळालं नाही. त्यानं मान वळवून आमच्याकडं बघितलं. आधी एनॉककडं, मग माझ्याकडं. मग पिल्लू नीट धरलं आणि झाडीत गेलं.

ती नजर मला अजून आठवते. बंदुकीला न भिणारं जनावर पुन्हा येणारच.

"माझा नेम नाही चुकला," एनॉक म्हणाला. मी काही बोललेच नव्हते.

त्या आठवड्यात त्यानं खार चुकवली, टर्की चुकवली, मागं राहिलेली एकुलती हरणी ओढ्यावर पाणी पीत उभी होती, तीही चुकवली. कधी गोळी वीतभर बाजूला, कधी हातभर. घरात मांस नाही. मक्याची भाकर आणि काकवी, काकवी आणि मक्याची भाकर. तो जेवताना बोलायचा बंद झाला. मग एक दिवस ताट सारून म्हणाला, "बंदुकीवर करणी केलीय कुणीतरी."

माझ्या सासूबाई, केझाया त्यांचं नाव, चुलीपाशी लोकर विंचरत बसल्या होत्या. डोळ्यांत मोती पडलेले, तरी हात चालूच. त्या म्हणाल्या, "कुणी रे?"

"टॅबिथानं. त्या दिवशी मीठ मागायला आली होती. मी नाही म्हणालो. जाताना कुंपणाला टेकवलेल्या बंदुकीवर हात ठेवून गेली. मी बघितलंय."

"म्हातारी आहे. आधाराला हात ठेवला असेल."

"नळीवरच?"

माझा हात पोटावर गेला. टॅबिथा म्हणजे आमची टॅबी मावशी. ती ओढ्याच्या खालच्या अंगाला एकटी राहायची, आणि सगळ्या खोऱ्यात मूल काढणारी तेवढी एकच बाई होती. माझा पहिला मुलगा आडवा आला. तेव्हा ओढ्याला पूर होता, मावशी पलीकडं अडकली. तो मुलगा वर टेकडीवर पुरलाय. माझी मुलगी मर्सीही आडवीच आली, पण तेव्हा मावशी होती. तिनं हाताला चरबी लावून तिला आतल्या आत फिरवलं आणि जिवंत काढलं. आणि आता हे तिसरं. रोज सकाळी मी पोट चाचपून बघायची. डोकं उजव्या बरगडीखाली, पाय डावीकडं. आडवंच.

"ती ह्या उंबऱ्याच्या आत येणार नाही," एनॉक म्हणाला. "आणि तिला चिमूटभर पीठसुद्धा द्यायचं नाही."

"आणि माझं काय?"

"आई आहे की."

"मी आहे," सासूबाई म्हणाल्या, "पण आत हात घालून मूल फिरवायचं मला नाही जमत, बाबा. तू आपला सरळ आलास. जन्मात तेवढंच काय ते सरळ केलंस."

तो हसला नाही. कोळसा आणि सुरी घेऊन ओढ्याकाठच्या बीचच्या झाडाकडं गेला. गुळगुळीत सालीवर त्यानं बाई कोरली आणि रेघांत कोळसा भरला. डोक्याला टोपडं, कमरेला एप्रन, हातात काठी. कुणीही ओळखावी अशी टॅबी मावशी. चित्राला जिथं गोळी लागते तिथंच करणी करणारीला लागते, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. तो अंगणात उभा राहून त्या चित्रावर बार काढत राहिला. एकही लागला नाही. सगळ्या गोळ्या डावीकडं सालीत.

"बघितलंस?" तो मला म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता. "लागूच देत नाही स्वतःला."

मी मान हलवली. खोटं कशाला बोलू, करणीवर माझाही विश्वास होता. मावशी तशी नाही, हे मला माहीत होतं. पण नसेलच असं छातीवर हात ठेवून म्हणायला सांगितलं असतं, तर माझी जीभ अडखळली असती.

वाहत्या पाण्यात करणी धुऊन जाते म्हणून त्यानं बंदूक ओढ्यात दगडाखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी काढली तर नळीतून तांबडं पाणी.

"अरे मेल्या, करणी राहू दे, नळी गेली!" सासूबाई ओरडल्या. अस्वलाची चरबी आणि चिंध्या घेऊन त्यांनी ती नळी पुसून काढली, तेव्हा कुठं गंज सुटला. नेम मात्र होता तिथंच राहिला.

मग तो डोंगरापलीकडं करणी उतरवणाऱ्याकडं निघाला. करणीची बंदूक दारात आणलेली त्या माणसाला चालत नाही, म्हणून खांद्यावर नुसती कुऱ्हाड. निघताना मला म्हणाला, "बंदुकीला हात लावू नकोस. पोटुशी बाईनं हात लावला की नळी कायमची आंधळी होते."

"आणि ते जनावर आलं तर?"

"दार लावून बसा."

तो गेला आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. सासूबाई, मी आणि छोटी मर्सी. पाण्याला जायचं तर एका हातात घागर, दुसऱ्या हातात जळतं लाकूड. बीचखाली एनॉकच्या बंदुकीतून बारासोबत उडालेल्या चिंध्या पडल्या होत्या. कापड काही फुकट येत नाही, निदान आग पेटवायला होतील म्हणून पाण्याहून येताना मी त्या गोळा केल्या. पोटामुळं वाकता येत नव्हतं, गुडघ्यांवर बसून वेचत होते. शेवटची चिंधी उचलली आणि तिच्याशेजारी ओल्या पाचोळ्यात पाऊल दिसलं. मी त्यावर हात ठेवून बघितला. माझा तळहात पुरता मावला आणि वर जागा उरली. त्याच्या काठातून अजून पाणी झिरपत होतं.

घरापर्यंत कशी आले ते मला माहीत नाही. दाराला आडणा घातला आणि खाली बसले. घागर ओढ्यावरच राहिली.

"काय झालं गं?"

"पाऊल. आत्ताचं. बीचखाली."

सासूबाईंनी मला चाचपलं, त्यांचा हात ओच्याला लागला. "ओच्यात काय आणलंस?"

"बाराच्या चिंध्या."

त्यांनी एक मागून घेतली, बोटांनी चाचपली. ठासणीच्या बंदुकीत गोळी नुसती टाकत नाहीत. चरबी लावलेल्या चिंधीत बसवून गजानं ठासतात. नळीच्या आत पिळाचे आटे असतात, चिंधी ते घट्ट धरते आणि गोळीला गरगर फिरवत बाहेर सोडते. तोंडाशी सुटताना सगळीकडून एकदम सुटली तर गोळी सरळ जाते.

"ही कुठं फाटलीय? मला काठाला लागतंय."

"काठालाच."

"ही?"

"हीसुद्धा."

"चहूबाजूंनी?"

मी एकेक उजेडात धरली. "नाही. एकाच बाजूनं. सगळ्या एकाच बाजूनं."

सासूबाईंनी चिंध्या मांडीवर रांगेनं लावल्या. "करणी असेलही. मी नाही म्हणत नाही. पण करणी करणारी दर खेपेला चिंधी एकाच बाजूनं फाडत बसेल होय? तिला दुसरा काही उद्योग नाही? बंदूक काढ."

"हात लावायचा नाही म्हणालाय तो."

"मग फडक्यानं धर."

मी फडक्यानं धरली. आत बार नाही ना, ते गज टाकून बघितलं. सासूबाईंनी नळीचं तोंड जवळ घेतलं आणि करंगळी कडेनं फिरवली, एकदा, दोनदा. मग माझं बोट धरून तिथं नेलं. एका जागी कडा झिजली होती. डोळ्याला दिसत नव्हती, बोटाला कळत होती.

"ही त्याची लाडकी लोखंडी सळई," त्या म्हणाल्या. उन्हाळ्यात एनॉकनं जुन्या गाडीचं लोखंड ठोकून गज केला होता. हिकरीच्या लाकडाचे गज मोडतात म्हणून. सगळ्या खोऱ्याला दाखवत फिरला होता. "दर ठासणीला ती इथंच घासते. दारूचा जाळ तिथूनच आधी फुटतो आणि गोळीला ढकलून देतो. लाकडी गज मोडतो, नळीला काही करत नाही. हा मोडत नाही."

"मग सांगा की त्याला, आई."

"तूच सांगून बघ. माझ्याच सळईनं माझा नेम घालवला, असं म्हणण्यापेक्षा म्हातारीला चेटकीण म्हणणं पुरुषाला सोपं जातं. माझा मुलगा आहे, मला माहीत नाही?" त्यांनी नळीवरून हात फिरवला. "ह्याच्या बापानं एकदा हे तोंड घासून सारखं केलं होतं. नळी धरून मी बसले होते. माझे डोळे गेले, तुझे आहेत. कानस आण."

मी कानस आणून मेजावर ठेवली. कानशीनं काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. तोंड तिरपं झालं तर घरातली एकुलती एक बंदूक संपली. आणि घासली पोटुशी बाईनं. एनॉकनं आजवर माझ्यावर हात टाकला नव्हता. पण आजवर मी त्याच्या बंदुकीलाही हात लावला नव्हता.

तेवढ्यात ते ओरडलं. टेकडीच्या अंगाला, भर दिवसा. पँथरचं ओरडणं बाई ओरडल्यासारखंच असतं, अडलेल्या बाईसारखं. मर्सी येऊन माझ्या पायांना चिकटली. माझ्या पोटात मूल आडवं, बाहेर ते जनावर, आणि ज्या बाईचा मला आधार ती झाडावर कोरलेली. मी कानस घेतली.

नळीत चरबीची चिंधी कोंबली, म्हणजे कीस आत जायला नको. गोधड्या घालून बंदूक मेजावर घट्ट बसवली. एका सपाट पाटीच्या दगडाला काजळी फासली आणि तोंडावर दाबली. जिथं काळं लागलं तो उंचवटा, जिथं नाही ती झीज. काळं तेवढं घासायचं, पुन्हा काजळी, पुन्हा दगड. सासूबाई मध्येच करंगळी फिरवायच्या.

"थांब. डावीकडं जास्त झालं."

"मला तर सारखं दिसतंय."

"तुला दिसतंय, मला लागतंय. माझं ऐक."

माझी कंबर फुटत होती. तळव्याला फोड आले, फुटले, दांडा चिकट झाला. मूल आतून लाथा मारत होतं. मध्येच छपरावर काही वाजलं की आम्ही दोघी श्वास धरून बसायचो. एकदा खार निघाली. एकदा काय होतं ते कळलंच नाही. शेवटी दगडावर टेकवलेल्या तोंडाचं पूर्ण काळं कडं उमटलं, कुठंही न तुटता. मग सासूबाईंच्या पेटीचा गोल डोक्याचा पितळी खिळा उपटला, त्याला चरबी आणि चाळलेली राख लावली आणि नळीच्या तोंडात तळव्याखाली गोल गोल फिरवत राहिले, आतली कडा गुळगुळीत होईपर्यंत. नवं लोखंड चमकत होतं. त्यावर अक्रोडाच्या सालीचं पाणी चोळून काळं केलं. माळ्यावरची वाळकी हिकरीची काठी काचेनं तासून गज केला. लोखंडी सळई सासूबाईंनी डुकरांच्या कोंडवाड्याला आडणा म्हणून घालायला लावली.

"आता चिंधी," त्या म्हणाल्या. "हे जुनेरं नको. घट्ट विणीचं पाहिजे." आणि स्वतःची पेटी उघडून तळातलं पांढरं लिनन काढलं.

"आई, ते तुमचं शेवटचं..." आमच्याकडं म्हाताऱ्या बायका मेल्यावर नेसायचं कापड स्वतःच विणून ठेवतात. त्याला कुणी शिवतसुद्धा नाही.

"खालचा काठ काप. शवपेटीत पाय कुणाला दिसतात?"

मी काठ कापला. चिंध्या करून बंदुकीच्या दस्त्यातल्या डबीत भरल्या. कुंपणाच्या फळीवर कोळशाची फुली केली, ओंडक्यावर बंदूक टेकवली आणि बार काढला. खांदा बधिर झाला. फळीजवळ गेले तर गोळी फुलीत. पुन्हा भरली, पुन्हा काढला. पहिल्या भोकाशेजारी दुसरं भोक, मध्ये बोटाइतकीही जागा नाही. चिंधी शोधून आणली. गोल, सबंध, मधोमध काळा डाग, काठाचा एक धागा सुटलेला नाही. सासूबाईंनी ती गालाला लावली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मलाही आनंद झाला, पण तो टिकला नाही. माझी नजर समोर गेली. बीचवर टोपडंवाली बाई काठी घेऊन उभी होती. आता बंदूक तिला चुकणार नव्हती, आणि ती तशी मीच केली होती.

एनॉक आला तो रुप्याची गोळी घेऊनच. करणी उतरवणाऱ्यानं ठोकून गोल करून दिलेली, चेटकिणीला रुपंच लागतं म्हणून. त्यानं ती मला लांबूनच दाखवली. मला सकाळपासून कळा येत होत्या. मी चौकट धरून उभी राहायची, कळ गेली की पुन्हा काम.

"माझी सळई कुठाय?"

"कोंडवाड्याचा आडणा मोडला," सासूबाई म्हणाल्या. "तिथं घातली. सध्या ही लाकडी वापर."

कुरकुरत त्यानं नळीत दारू ओतली, डबीतली चिंधी घेतली, गोळी ठासली. चिंधीकडं त्यानं नीट बघितलंही नाही. बंदुकीच्या कानात पेटवणीची दारू घातली आणि अंगणात जाऊन उभा राहिला. घोडा मागं चढवल्याचा आवाज मी ऐकला. त्याच वेळी माझ्या पायांवरून ऊन पाणी गेलं.

"एनॉक!"

"बोलू नकोस! ह्या वेळी बोलायचं नसतं!"

"मार," मी म्हणाले. "मार खुशाल. पण ती तिकडं पडली तर हे मूल कोण काढणार?"

तो वळला. पायांखालची ओल बघितली. त्याची नजर एकदा झाडाकडं, एकदा माझ्याकडं, एकदा वर टेकडीकडं गेली, जिथं आमचा पहिला होता. त्याचा अंगठा घोड्यावरून दोनदा घसरला. मला वाटलं होतं फक्त मीच घाबरलेय. घोडा त्यानं हळूच खाली आणला.

"मग आधी मूल," तो म्हणाला. "मग ती."

आणि भरलेली बंदूक घेऊनच तो ओढ्याच्या वाटेनं तिला आणायला गेला.

सासूबाई मला आत चल म्हणत होत्या. मी दार सोडलं नाही. बऱ्याच वेळानं वाटेच्या वळणावर टॅबी मावशी दिसली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात गाठोडं. मागं एनॉक. बंदूक खांद्यावर नव्हती, हातात होती, तोंड पुढं. तो तिची राखण करत होता की तिला हाकत होता, मला सांगता येईना.

ती आत आली. तिचे हात बर्फासारखे होते. विस्तवावर धरले, चरबी लावली, माझं पोट चाचपलं. "आडवंच आहे गुलाम," एवढंच म्हणाली. एनॉक बाहेर पायरीवर बसला. बंदूक गुडघ्यांवर.

दोन कळांच्या मध्ये ती माझ्या कानाशी आली. "रुप्याची आहे ना गं?"

"काय?"

"नळीतली गोळी."

मी मान हलवली.

"लागते का त्याची बंदूक हल्ली? सगळं खोरं हसतंय म्हणतात."

मला रडू फुटलं. "लागेल, मावशी. आता लागेल. मीच तोंड घासलं. मला वाटलं नेम सुधारला की तुमच्यावरचा आळ जाईल, आणि..."

तिचा हात क्षणभर थांबला. आत, माझ्या पोटातच थांबला. मग पुन्हा हलायला लागला, सावकाश. "लागते म्हणतेस. नक्की?"

"दोन बार काढले. भोकाशेजारी भोक."

"बरं. आता रडू नकोस. फिरलंय. ढकल."

मी ढकललं. काय काय झालं ते सगळं मला आठवत नाही. मावशीचं घामेजलेलं कपाळ आठवतं, सासूबाईंनी माझे खांदे धरलेले आठवतात. मग मुलगा रडला. सासूबाई हसत होत्या आणि रडतही होत्या. त्याला गुंडाळायला त्यांना तेच पांढरं लिनन सापडलं.

दिवस कलत आला होता. रक्ताचा वास घरभर होता. कोंडवाड्यातली डुकरं मागच्या झाडीकडं बघून ओरडत होती, आणि ती उगाच ओरडत नव्हती. मावशीनं हात धुतले, टोपडं नीट बांधलं आणि दार उघडलं. एनॉक उभा राहिला.

"मुलगा आहे," ती म्हणाली. "धडधाकट."

त्यानं मान हलवली. बंदूक त्यानं खाली ठेवली नाही.

"ऐक. ती बंदूक भरलेली आहे. उडवल्याशिवाय ती रिकामी होत नाही, तुलाही माहीत आहे, मलाही. मी अशीच घरी गेले तर ती गोळी आज ना उद्या माझ्यामागं येणार. मला झोप लागायची नाही. मार. त्या झाडावर मला काढलीयस ना? मार त्यावर. मी इथंच उभी राहते, तुझ्या शेजारी. काय होतं ते तूही बघ."

"मावशी, नको!" मी आतून ओरडले.

"तू गप. मार रे."

त्यानं बंदूक उचलली. नळीचं टोक हलत होतं.

"असं नको," ती म्हणाली. "गुडघा टेक. कुंपणाला टेकव. चुकलास तर पुन्हा माझंच नाव व्हायचं."

तो गुडघ्यावर बसला. देवा, गोळी लागू दे, मी म्हणत होते. आणि त्याच श्वासात, देवा, तिला काही होऊ देऊ नकोस. लागणार हे मला पक्कं माहीत होतं. दुसरं मला माहीत नव्हतं. मुलाला मी इतकं आवळलं की तो किंचाळला.

बार झाला. धुरानं अंगण भरलं. मी झाडाकडं बघितलंच नाही. मावशी उभी होती. तिचा उजवा हात छातीवर गेला होता, टोपड्याच्या नाडीपाशी, आणि तिथंच दाबून राहिला होता. ती चाचपत होती. तिलाही खात्री नव्हती. मग तिनं हात काढून डोळ्यांसमोर धरला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि खाली सोडला.

"जा, बघ कुठं लागली," ती म्हणाली.

एनॉक झाडापर्यंत गेला. भोकात बोट घातलं. तिथंच उभा राहिला.

"छातीत," तो म्हणाला. "बरोबर मध्ये."

"मग आता मला घरी पोचव. वाटेवर जनावर आहे, आणि तुझ्या बंदुकीचा नेम चांगला आहे."

येताना त्यानं गवतातली चिंधी उचलली. गोल, सबंध. उलटून बघितली. मग बंदुकीच्या तोंडावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, आणि मान वर करून दारातून माझ्याकडं बघितलं. माझ्या तळव्यावरच्या फोडांना बांधलेल्या पट्टीकडं बघितलं. मी नजर खाली घातली नाही. त्यानं शिशाची गोळी ठासली. ह्या खेपेला तो पुढं चालला आणि मावशी मागून.

सासूबाईंनी दार लावलं. मुलगा प्यायला लागला. आम्ही दोघी कान देऊन बसलो. वाटेकडून काही ऐकू येत नव्हतं. आणि मग एक बार झाला.

एकच. ओढ्याच्या खालच्या अंगाला, मावशीच्या घराच्या बाजूला. सासूबाईंच्या हातातली लोकर तशीच राहिली. "ओर्लीना," त्या हळूच म्हणाल्या. एवढंच, नुसतं माझं नाव. माझं दूध आटल्यासारखं झालं, मुलानं तोंड काढलं आणि रडायला लागला. पुन्हा दुसरा बार झाला नाही. हाक नाही, ओरडणं नाही. आम्ही दाराकडं बघत बसलो. आडणा काढायचं धाडस दोघींनाही होईना.

मग अंगणात काहीतरी जड फरफटत आल्याचा आवाज झाला, आणि दारावर काठी आपटली.

"उघडा गं," टॅबी मावशीचा दमलेला आवाज आला. "एनॉकला एकट्याला हे जनावर ओढवत नाही."